ऊनतासाचा अहवाल

कोणत्याही समाजाचं भवितव्य त्याच्या किशोरवयीन मुलांच्या हाडांवर उभं असतं. पीटीच्या सरांनी आपल्या प्रस्तावाची सुरुवात या वाक्याने केली, दोनदा वाचून पाहिलं आणि 'उभं'च्या आधी 'भक्कमपणे' घातलं. समाजाच्या भवितव्याबद्दल सरांना यापूर्वी कधी काळजी वाटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांना काळजी होती आपल्या नोकरीची, आणि ती मात्र अजिबात भक्कमपणे उभी नव्हती.

शाळेला पूर्वी मैदान होतं. मग शाळेची प्रगती झाली. प्रगतीला जागा लागते, म्हणून मैदानावर पाच मजली इमारत आली आणि उरलेल्या पट्ट्यात शाळेच्या बस उभ्या राहू लागल्या. पीटीचे सर तेवढे मागे राहिले. एक शिट्टी, जाळीच्या पिशवीत तीन चेंडू, त्यातला एक बसलेला, आणि आठवड्याला अठरा तास एवढा त्यांचा ऐवज. तासाला ते मुलांना वर्गातच बाकांच्या मध्ये उभं करत आणि हात वर, हात खाली करून घेत. हात बाजूला हा प्रकार शेजाऱ्याच्या डोळ्यात बोट जातं म्हणून त्यांनी बंद केला होता.

संस्थेच्या अध्यक्षांच्या हे लक्षात यायला चार वर्षं लागली. अध्यक्ष फरशांचे व्यापारी. कुठली जागा वाया जातेय हे त्यांना दारातूनच कळायचं. वर्ष सुरू होताहोताच सरांच्या हातात पत्र पडलं: 'पुढील शैक्षणिक वर्षापासून शारीरिक शिक्षण या पदाची आवश्यकता तपासण्यात येईल.' ही भाषा सरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी चित्रकलेच्या पदाची आवश्यकता अशीच तपासण्यात आली होती. चित्रकलेचे सर आता चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवतात.

सरांची एकुलती एक लेक याच शाळेत नववीत होती. घरात तिला चिमणी म्हणत. हे नाव ती अडीच किलोची असताना पडलं आणि ती अडुसष्ट किलोची झाल्यावरही बदलायचं कुणाला सुचलं नाही. पीटीच्या सरांचीच मुलगी जाड, हा शाळेतला एक जुना, वापरून वापरून गुळगुळीत झालेला विनोद होता. चिमणीकडे त्याला उत्तर होतं. "दातांच्या डॉक्टरांच्या मुलांचे दात बघितलेत का?" ती विचारायची, आणि विनोद करणारा आपल्या दातांवरून जीभ फिरवत निघून जायचा.

जिने चढताना पाय दुखतात म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला लावलं. व्हिटॅमिन डी चौदा निघालं. निदान वीस हवं, असं कागदावरच छापलेलं होतं. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशा गोळ्या लिहून दिल्या. सरांनी त्या आणल्या आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेले.

"काही घाबरायचं नाही सर," नर्सबाई म्हणाल्या. "वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये हे कमीच सापडतं. हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं. शरीरात असतं, पण चरबीत जाऊन बसतं, रक्तात हवं तेवढं येत नाही."

"आपल्या अध्यक्षांसारखं," सर म्हणाले. "संस्थेत असतात, शाळेत येत नाहीत."

"मी ऐकलं नाही हं. गोळी दिली आहे ना डॉक्टरांनी? मग झालं तर."

"आणि ऊन?"

"उन्हाने होतंच ते. पण गोळी सोपी."

गोळीचं वाक्य सरांनी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं आणि नर्सबाईंच्या टेबलावरच ठेवून दिलं. गोळी द्यायला नर्सबाई पुरेशा होत्या. ऊन द्यायला शिट्टी लागत होती. आणि मैदान गेलं असलं तरी गच्ची अजून होती.

आठ दिवसांत प्रस्ताव मोठ्या बाईंच्या टेबलावर गेला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी 'भक्कमपणे' या शब्दाखाली रेघ मारली, कौतुकाने, आणि 'जाड मुले' या शब्दांवर काट मारली.

"सर, जाड म्हणायचं नाही. पालक अंगावर येतील."

"मग स्थूल म्हणू?"

"स्थूल म्हणजे शुद्ध भाषेत जाड. ते तर आणखी लागतं. आपण 'निवडक विद्यार्थी' म्हणू."

अशा रीतीने सभागृहात दोन दिवस वजनं आणि उंच्या घेऊन आठवी-नववीतले सव्वीस निवडक विद्यार्थी निवडले गेले. 'आपला पाल्य विशेष उपक्रमासाठी निवडला गेला आहे' अशी चिठ्ठी घरोघर गेली. एका आईने सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं. उपक्रम कसला, ते तिला चार दिवसांनी कळलं, तोवर तीन मावश्यांनी मुलाचं अभिनंदन केलं होतं.

चिमणीला मात्र चिठ्ठी यायच्या आधीच कळलं होतं, कारण यादी घरच्या जेवणाच्या टेबलावर तयार झाली होती.

"बाबा, माझं नाव काढ."

"चिमणे, पीटीच्या सरांनी आपल्या मुलीचं नाव काढलं तर लोक काय म्हणतील?"

"आणि ठेवलं तर काय म्हणतील?"

सर लगेच गंभीर झाले. "हे बघ, बाबाच्या नोकरीचा प्रश्न आहे. वर्षअखेर आकडा वर गेला पाहिजे. गेला नाही, तर बाबा चष्म्याच्या दुकानात."

"तिथे बसायला खुर्ची तरी असते," चिमणी म्हणाली. पण नाव राहिलं.

गोळ्यांचं पाकीट मात्र राहिलं नाही. ते टेबलाच्या खणात गेलं. सरांची बायको विम्याच्या कचेरीत दावे तपासायची. आलेला प्रत्येक दावा खोटा आहे असं धरून कामाला लागायचं, ही तिथली शिकवण. घरीही ती कामाला येई.

"खणात गोळ्या कसल्या?"

"चिमणीच्या. आत्ता द्यायच्या नाहीत. उपक्रमात असताना गोळी घेतली, तर आकडा उन्हाने वाढला की गोळीने, हे कळणार कसं? याला शास्त्रीय शिस्त म्हणतात."

"तिचे पाय दुखतात."

"म्हणूनच तर ऊन."

बायकोने नवऱ्याकडे, समोर संशयास्पद अपघाताचे फोटो असावेत तसं पाहिलं. पण पद जाणार हे तिलाही माहीत होतं. तिने खण लोटला. जरा जोरातच.

पहिली रक्ततपासणी झाली. सव्वीस जणांची सरासरी सोळा. सरांना ती ऐकून इतका आनंद झाला की नर्सबाईंनी विचारलं, "सर, सोळा म्हणजे वाईट, माहीत आहे ना?" वाईटच हवं होतं. चांगलं असतं तर सुधारायचं काय?

ऊनतास, म्हणजे गच्चीवर ऊन घ्यायचा तास, मधल्या सुट्टीत ठरला, कारण सूर्याची वेळ बदलायचा अधिकार संस्थेला नव्हता. पहिल्या दिवशी सव्वीस मुलं पाच जिने चढून वर आली. ही त्यांची गेल्या चार वर्षांतली पहिली खरी पीटी होती आणि ती प्रस्तावात धरलेलीच नव्हती. बाह्या कोपराच्या वर, मोजे खाली, तोंडं सूर्याकडे. साडेसात मिनिटांनी एक शिट्टी, की पाठ सूर्याकडे. पुन्हा साडेसात मिनिटांनी दोन शिट्ट्या, की खाली.

"सर, माझी ही बाजू झाली," आठवीतला एक गोलमटोल मुलगा ओरडला. "उलटा मला!"

"सर, हा अजून कच्चा आहे!"

समोरच्या जुन्या इमारतीच्या खिडक्यांमधून सगळी शाळा पाहत होती. मधली सुट्टी संपेपर्यंत सव्वीस जणांचं नाव पडलं: सोलर पॅनेल. सर स्वतः जिन्याच्या दारातल्या सावलीत उभे होते. ते निवडक नव्हते. पोट होतं, पण त्यांचं वजन कुणी घेतलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "चिमणे, मोजे खाली घे!" मग आठवीतला गोलमटोल हळूच म्हणाला, "चिमणी?" त्यानंतर चिमणी घरात दोन दिवस बापाला "सर, तुम्ही" म्हणत होती.

मग पालक येऊ लागले. पहिल्या आईचं म्हणणं होतं की तिच्या मुलीला उन्हाने चक्कर येते. मोठ्या बाईंनी टोप्या सक्तीच्या केल्या. दुसरी आई म्हणाली, मुलगी रापली, आता फोटो काळे येतात. सनस्क्रीन सक्तीचं झालं. घरून लावून यायचं, आणि कमी लावलंय असं वाटलं तर नर्सबाई आणखी लावणार. मग एक वडील आले. ते वकील होते आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं, पण उद्या कुणाच्या कातडीला काही झालं तर जबाबदार कोण, एवढंच त्यांना लेखी हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाह्या मनगटापर्यंत खाली आल्या आणि मोजे गुडघ्यापर्यंत वर गेले. एवढ्यात अध्यक्ष वर्षातून एकदा येतात तसे आले, गच्चीवर तीन मिनिटं थांबले, टक्कल पुसत म्हणाले, "बाप रे, काय हे ऊन! मुलं आहेत का कोण आहेत!" आठवड्याभरात गच्चीवर, रोपवाटिकेत असते तशी, दाट हिरवी जाळी आली.

तिसऱ्या महिन्यापासून निवडक विद्यार्थी हिरव्या जाळीखाली, टोप्या घालून, लांब बाह्यांत, तोंडाला पांढरं फासून साडेसात-साडेसात मिनिटं दोन्ही बाजूंनी ऊन घेऊ लागले. हजेरी शंभर टक्के होती. सर रोज वहीत लिहीत: 'आज स्वच्छ ऊन.' हे खरंच होतं. जाळीच्या वर ऊन स्वच्छच होतं.

नर्सबाईंनी एकदा सरांना जिन्यात गाठलं. "सर, असं करून त्यांच्या अंगापर्यंत काय पोचतं?"

"वातावरण पोचतं," सर म्हणाले.

वर्षअखेर दुसरी तपासणी आली. पहिल्या प्रयोगशाळेने जागा बदलली होती, म्हणून मोठ्या बाईंनी दुसरी गाठली. तिचे रिपोर्ट एका सकाळी आले. सरांनी नर्सबाईंच्या खोलीत, वजनकाट्यावर बसूनच सव्वीस आकडे वहीत उतरवले आणि सरासरी काढली. एकोणचाळीस. पुन्हा काढली. एकोणचाळीसच. सोळाचे एकोणचाळीस! म्हणजे जवळजवळ एकशे चव्वेचाळीस टक्के वाढ! सर उठले तेव्हा काट्याचा काटा शून्यावर आला आणि सरांना स्वतःलाही तसंच, वजन उतरल्यासारखं वाटलं.

दुपारपर्यंत अध्यक्षांचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा ते सरांना 'सर' म्हणाले. पद आवश्यक आहे, असं ते म्हणाले. किंबहुना अत्यावश्यक. अहवाल छापायला गेला. मुखपृष्ठावर गच्चीचा फोटो होता, पण जाळीमुळे मुलं हिरवी आली होती, म्हणून त्याऐवजी सूर्याचा टाकला. प्रकाशनाला आरोग्य खात्यातले मोठे डॉक्टर येणार होते. आणि मोठ्या बाईंना कल्पना सुचली की एका निवडक विद्यार्थ्याने दोन मिनिटं मनोगत सांगावं. सरांच्या मुलीनेच सांगावं. किती भावपूर्ण होईल!

रविवारी सकाळी चिमणी मनोगत लिहायला बसली. मोठ्या बाईंनी पहिलं वाक्य दिलंच होतं: 'माझी पातळी चौदावरून छत्तीसवर गेली.' खात्री करावी म्हणून तिने आपले दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. ही खात्री करायची खोड आईची.

"बाबा, माझी पातळी अडीच पट झाली ना?"

"झाली तर!" सर पेपर वाचत होते.

"मग रिपोर्टमध्ये अजून माझ्यापुढे 'कमी' का लिहिलंय?"

"जुना असेल तो."

"नवाच आहे. छत्तीस, आणि पुढे 'कमी'. आणि खाली लिहिलंय, निदान पन्नास हवं. जुन्यात लिहिलं होतं, निदान वीस हवं." ती थांबली. "मधल्या काळात माणसं बदलली का?"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दोन्ही कागद हातात घेतले आणि दावा तपासतात तसे वरपासून खालपर्यंत वाचले, बारीक अक्षरांसकट. "आकड्यापुढे बघा," ती म्हणाली. "इथे नॅनोग्रॅम आहे. इथे नॅनोमोल."

"म्हणजे?" सर म्हणाले. पेपर अजून त्यांच्या हातातच होता, पण आता उलटा.

"म्हणजे एकाने किलोत मोजलं, दुसऱ्याने पौंडात," चिमणी म्हणाली. तिने फोनवर शोधलं, मग कागदाच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. "नव्या आकड्याला अडीचने भागायचं. माझे छत्तीस म्हणजे चौदा पूर्णांक चार. तुझी सरासरी एकोणचाळीस..." तिने आणखी एक भागाकार केला आणि पेन खाली ठेवलं. "पंधरा पूर्णांक सहा."

"सोळा होतं," आई म्हणाली.

"घटलं," चिमणी म्हणाली.

मग सर म्हणाले, "छापून झालंय गं."

"बाबा, मी उभी राहीन. भाषण करीन. सहा महिने सोलर पॅनेल झाले, दोन मिनिटांनी काय होतंय! पण खोटं नाही बोलणार. तू सांग, मी काय बोलू?"

सरांना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या मुलीला शिट्टी वाजवून गप्प करता येतं. ही खरोखर विचारत होती. तिचा पाय खुर्चीखाली एकसारखा हलत होता, आणि एक हात गुडघा दाबत होता. सर उठले, खण उघडला, पाकिटातून एक गोळी काढली आणि पाण्याच्या पेल्यासकट तिच्यापुढे ठेवली.

"शास्त्रीय शिस्त संपली वाटतं," बायको म्हणाली.

"संपली," सर म्हणाले.

सोमवारी ते मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नॅनोमोल म्हणजे काय ते दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "सर, पहिला आकडा सोळा होता. दुसरा एकोणचाळीस आहे. यातला कुठला आकडा खोटा आहे?"

"कुठलाच नाही, पण..."

"मग आपण खोटं कुठे बोलतोय? जा, आराम करा. तुमचे डोळे ओढलेले दिसतात. जरा उन्हात बसत जा."

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत निवडक विद्यार्थी, नवे गणवेश घालून. त्यामागे पालक. मंचावर अध्यक्ष, मोठ्या बाई आणि खात्यातले डॉक्टर. डॉक्टर उंच, शिडशिडीत आणि पांढरेफटक होते, आयुष्य कचेरीत गेल्यासारखे. प्रास्ताविक सरांचं होतं आणि त्यानंतर लगेच चिमणीचं मनोगत. ती मंचाच्या पायरीशी हातात कोरा कागद घेऊन उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, माईक जवळ ओढला, आणि एवढ्या लोकांसमोर सवयीने हात शिट्टीकडे गेला तो खाली घेतला.

"अहवालात एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. दोन प्रयोगशाळा, दोन मापं, अडीचने भागायचं. सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढे चष्म्याच्या फ्रेमा ओळीने लागल्या होत्या. "खरी सरासरी पंधरा पूर्णांक सहा. सुरुवातीला सोळा होती. चूक माझी आहे. मुलांची नाही. मुलं रोज आली."

मागच्या रांगेत कुणाला तरी वाटलं भाषण संपलं, त्याने टाळ्या वाजवल्या, त्याला पाहून आणखी दहा-बारा जणांनी वाजवल्या. मोठ्या बाई टेबलक्लॉथची किनार सरळ करत राहिल्या. अध्यक्षांचा चेहरा त्यांच्याच दुकानातल्या एका पांढऱ्या, न खपणाऱ्या फरशीसारखा झाला.

डॉक्टर पुढे झुकले. "थांबा, थांबा. म्हणजे सहा महिने ऊन देऊनही पातळी घटली?"

"हो सर. शून्य पूर्णांक चारने."

"उत्तम!" डॉक्टर ताडकन उभे राहिले. "अतिउत्तम! हेच मी दोन वर्षं खात्यात ओरडून सांगतोय. पंधरा मिनिटांनी काही होत नाही. मात्रा अपुरी! आणि आज एका शाळेने ते प्रामाणिकपणे, पुराव्यानिशी सिद्ध केलं. मला असंच केंद्र हवं होतं. दिवसातून दोनदा करा. अर्धा-अर्धा तास. आणि आठवी-नववी कशाला, पाचवीपासून करा! खातं पाठीशी आहे."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर रंग परत आला, तोही जरा चढाच. त्यांनी टाळ्यांना सुरुवात केली आणि या वेळी सगळं सभागृह त्यात सामील झालं. सर माईकपाशी तसेच उभे होते. चुकीचा आकडा चांगला आला म्हणून उपक्रम चालू राहणार होता. खरा आकडा वाईट आला, तर तो दुप्पट झाला. ते खुर्चीत जाऊन बसले.

मग चिमणी माईकपाशी आली. तिने कागद घडी करून खिशात टाकला.

"आम्ही ऊन घेतो तेव्हा आमच्या डोक्यावर जाळी असते," ती म्हणाली. "डोक्याला टोपी असते. बाह्या मनगटापर्यंत असतात. आणि तोंडाला सनस्क्रीन असतं. एवढंच सांगायचं होतं."

पहिल्या रांगेत आठवीतला गोलमटोल फस्सकन हसला. नर्सबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर मात्र भारावून गेले. "बघा," ते अध्यक्षांना म्हणाले, माईक चालू होता, "मुलांच्या सुरक्षेचा किती बारीक विचार केलाय! हेसुद्धा नियमावलीत घ्या."

पायऱ्या उतरताना चिमणीने बापाकडे पाहून खांदे उडवले. सरांनीही उडवले. वर्षभरात दोघांचं एखाद्या गोष्टीवर असं एकमत झालं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस सरांनी हवेत काढले. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "सर, तुमच्या प्रामाणिकपणामुळे पद मंजूर झालं. कायमचं!" घरी चिमणीचा गोळ्यांचा तिसरा आठवडा चालू होता आणि ती जिन्यात कुरकुर न करता चढत होती. नवी नियमावली आली, तीत दहावीच्या मुलांना पूर्ण सूट होती. दहावीला हाडं लागत नाहीत, असा संस्थेचा अनुभव होता. म्हणजे चिमणीही सुटली. सरांनी शिट्टीला नवी दोरी लावली. रोज दोन ऊनतास, पाचवीपासून, म्हणजे शिट्ट्या किती होतील याचा हिशोब करत त्यांनी नवं वेळापत्रक आखलं, तीन रंगांत, आणि मोठ्या बाईंकडे नेलं.

मोठ्या बाई फोनवर होत्या. त्यांनी हातानेच बाहेरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. फळ्यावर संस्थेची जाहिरात लावली होती. पद: किशोर सूर्यप्रकाश समन्वयक, पूर्णवेळ. खात्याच्या निकषांनुसार भरायचं होतं. त्याखाली शारीरिक शिक्षणाचं जुनं पद या पदात विलीन करण्यात येत असल्याची एक ओळ होती.

सरांनी जाहिरात उभ्या उभ्या वाचली. मग, बायकोची सवय लागल्यासारखी, बारीक अक्षरांसकट पुन्हा वाचली.

पात्रता आरोग्यविज्ञानातली पदवी, वय पस्तीसच्या आत. सरांची पदवी शारीरिक शिक्षणाची होती आणि वय एक्कावन्न.